घटक ४ : पंडिता रमाबाई – प्रतीक्षा, सांत्वन आणि मुक्ती

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :

१. पंडिता रमाबाई यांच्या जीवनाचे महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
२. ख्रिस्ती परंपरेतील आगमनकाळाची संकल्पना स्पष्ट करता येईल.
३. वैयक्तिक शोक आणि सामाजिक कार्य यांचा रमाबाईंच्या चरित्रातील संबंध उलगडून दाखवता येईल.
४. शारदा सदनाविषयीच्या वादाचा दोन्ही बाजूंनी विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. प्रस्तुत घटकात एका व्यक्तीच्या चरित्राचा आपण एका विशिष्ट दृष्टीने अभ्यास करणार आहोत. पंडिता रमाबाई यांचा परिचय विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेल्या सुधारक म्हणून आपणांस असेल. शोकाकुल आणि एकाकी माणसांना आधार देणारी स्त्री या नात्याने त्यांच्याकडे तुलनेने कमी पाहिले जाते. येथे तोच धागा आपण हाती घेणार आहोत.

आपल्यापैकी अनेक जण पिंपरी, भोसरी, तळवडे किंवा चाकण येथील कारखान्यांत पाळीने काम करून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. डिसेंबर उजाडला की या परिसरातील ख्रिस्ती घरांच्या दारांत कागदी तारे लागतात. सणाची चाहूल सर्वांना सारखी सुखाची नसते. गाव सोडून एका खोलीत राहणाऱ्या कामगाराला सणाच्या दिवशी आपले एकटेपण अधिक जाणवते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, तेथे पहिला सण गोडाधोडाविना जातो. अशा वेळी नातलग येतात, शेजारी बसतात आणि दुखवटा काढतात. शोक करणाऱ्याला सणाच्या दिवसांत एकटे राहू द्यायचे नाही, ही आपल्या समाजाची जुनी समजूत आहे.

ख्रिस्ती परंपरेत या समजुतीच्या जवळ जाणारा काळ म्हणजे आगमनकाळ होय. त्याला इंग्रजी शब्दावरून अ‍ॅडव्हेन्ट असेही म्हटले जाते. ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि नाताळपूर्वीचे चार रविवार त्यात येतात. पश्चिमी परंपरेतील चर्चचे उपासना-वर्ष याच रविवारी आरंभ पावते. अनेक चर्चमध्ये हिरव्या पानांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या ठेवून दर रविवारी एकेक अधिक पेटवली जाते. हा काळ मुख्यतः प्रतीक्षेचा आहे. ज्याचे अभिवचन मिळाले आहे, परंतु जे अद्याप हाती आलेले नाही, त्याची वाट पाहणे हा त्याचा गाभा होय. म्हणूनच दुःख न लपवता आशा धरण्यास त्यात जागा असते. पाश्चात्त्य देशांतील काही चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री, शोकग्रस्तांसाठी स्वतंत्र प्रार्थनासभा घेतली जाते. शबरीच्या कथेतून मराठी वाचकाला प्रतीक्षेतील भक्ती परिचित आहेच. आगमनकाळातील प्रतीक्षा समजून घेताना ती ओळख आपल्याला उपयोगी पडेल.

रमाबाईंच्या जीवनाचा बराच मोठा भाग अशा प्रतीक्षेत गेला. त्यांनी उभे केलेले केडगावचे मुक्ती मिशन पुणे जिल्ह्यातच, दौंड तालुक्यात आहे. पुणे-दौंड लोहमार्गावरून तेथे सहज जाता येते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ अरण्यातील बालपण आणि दुष्काळातील पायपीट

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यप्रदेशात झाला. हा प्रदेश आज कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, या रूढ मताविरुद्ध जाऊन त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकवले. या कारणाने निर्माण झालेल्या विरोधामुळे त्यांनी अरण्यात आश्रम बांधून वास्तव्य केले. पुढे आतिथ्याचा खर्च न पेलल्यामुळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते आणि त्यांची दृष्टीही अधू झाली होती. त्यामुळे रमाबाईंचे अध्ययन आईकडून झाले. पहाटे पाठांतर, दिवसा पुराणकथन आणि रात्री देवळाच्या ओसरीवर मुक्काम, असे त्यांचे बालपण होते.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराणकथनावर जगणाऱ्या या कुटुंबाजवळ दुसरे कोणतेही उपजीविकेचे साधन नव्हते. शारीरिक श्रमाचे काम करण्याची सवय नव्हती आणि भिक्षा मागण्याची लाज वाटत होती. जवळचे होते नव्हते ते विकून झाले. उपासमारीच्या शेवटच्या टप्प्यावर जलसमाधी घेण्याचा विचारही अनंतशास्त्रींनी केला होता. मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखवल्यावर तो विचार मागे पडला. परंतु थोड्याच दिवसांत अनंतशास्त्रींचे निधन झाले. त्यांच्यामागून आईही गेली. आईच्या अंत्ययात्रेला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास याने दिला आणि चौथ्या जागी रमाबाई उभ्या राहिल्या. उंची कमी असल्यामुळे त्यांना तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीणही गेली.

ही घटना रमाबाईंच्या चरित्रात मूलभूत मानावी लागते. शोकाच्या प्रसंगी कोणीही न येणे म्हणजे काय, हे त्यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या वयात अनुभवले. यानंतर भाऊ-बहिणीने देशभर हजारो मैल पायपीट केली. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नसल्यामुळे नदीकाठी खड्डे खणून, कोरडी वाळू अंगावर ओढून त्यांनी रात्री काढल्या. या भ्रमंतीत त्यांनी बालविधवांचे हाल प्रत्यक्ष पाहिले आणि केवळ कर्मकांडावरील त्यांची श्रद्धा क्षीण होत गेली.

४.२.२ कलकत्ता ते सिल्चर : सन्मान, विवाह आणि वैधव्य

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांच्या प्रेरणेने त्यांनी वेदांचे अध्ययन आरंभिले. सन्मानाचे हे दिवस फार टिकले नाहीत. १८८० मध्ये श्रीनिवासचे ढाका येथे निधन झाले आणि जन्मकुटुंबातील अखेरचा सोबतीही गेला.

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय असल्यामुळे दोन्हीकडील समाज दुरावला. आसामातील सिल्चर येथे त्यांनी संसार मांडला. १६ एप्रिल १८८१ रोजी कन्या मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. विवाहाला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि मुलगी दहा महिन्यांचीही नव्हती.

सिल्चरच्या घरातील पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ख्रिस्ती ग्रंथाशी त्यांचा अधिक आस्थेने परिचय झाला तो येथे. आगमनकाळात वाचल्या जाणाऱ्या अनेक कथा याच शुभवर्तमानाच्या आरंभी येतात. वार्धक्यात अपत्याची वाट पाहणारी अलीशिबा, अनपेक्षित निरोप स्वीकारणारी मरिया आणि मंदिर न सोडता वाट पाहणारी हन्ना ही वृद्ध विधवा या त्या कथांतील स्त्रिया होत. लूकच्या कथनात विधवा, दरिद्री आणि दुर्लक्षित माणसे वारंवार पुढे येतात. रमाबाईंच्या पुढील कार्यातही हीच माणसे केंद्रस्थानी आली.

४.२.३ पुणे आणि इंग्लंड : श्रद्धेचा शोध

१८८२ मध्ये रमाबाई मुलीसह पुण्यास आल्या. १ जून १८८२ रोजी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी 'स्त्री धर्मनीति' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-वैद्य यांची आवश्यकता त्यांनी या साक्षीत मांडली. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. श्रवणदोष वाढत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे स्वतःचे जीवन संपवले. परक्या देशात हा आघात रमाबाईंनी लहान मुलीला सांभाळत सोसला.

याच काळात लंडनमधील फुलहॅम येथे या भगिनींनी चालवलेले सेवागृह त्यांच्या पाहण्यात आले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे ममतेने वागवले जात होते. ज्या स्त्रियांना आपल्याकडे दारातही उभे केले जात नाही, त्यांची सेवा या भगिनी का करतात, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना सांगण्यात आली. विहिरीवर एकटीच पाणी भरण्यास आलेल्या, लोकांनी दूर ठेवलेल्या स्त्रीशी येशू स्वतःहून बोलतो, हे त्या कथेचे सार आहे. या कथेचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात या वार्तेने मोठी खळबळ उडाली. अनेक हितचिंतक दुरावले. जोतीराव फुले यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. येथे एक बाब लक्षात ठेवावी. धर्मांतरामुळे रमाबाईंची बौद्धिक स्वतंत्रता मावळली नाही. धर्मगुरूंची आज्ञा एवढ्याच आधारावर कोणतेही मत स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला आणि मठातील मार्गदर्शक भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रवाद झाला. स्वधर्मीय दुरावले आणि नवे धर्मबंधूही पूर्णपणे आपले मानीनात, अशी त्यांची स्थिती झाली. एकाकीपणाचा हा दुसरा प्रकार होता.

४.२.४ शारदा सदन : आश्रय आणि वाद

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. तेथे १८८७ मध्ये हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि नियोजित विधवागृहाला दहा वर्षे साहाय्य करण्याची हमी मिळाली. अमेरिकेतील अनुभवांवर त्यांनी मराठीत लिहिलेले प्रवासवृत्त १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलले. गोदूबाई ही येथील पहिली विधवा विद्यार्थिनी होय. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखली जाऊ लागली. कर्वे यांच्या पुढील संस्थात्मक कार्याची पार्श्वभूमी समजून घेताना हा दुवा विसरता येत नाही.

त्या काळी बालविधवेच्या वाट्याला केशवपन, एकभुक्त राहणे आणि शुभकार्यात वर्ज्य ठरणे येत असे. तिचा शोक हा अपराधासारखा मानला जाई. पतीच्या मृत्यूचे खापर तिच्या पायगुणावर फोडले जाई. ज्या मुलीने पतीला नीट पाहिलेही नव्हते, तिला जन्मभर दुखवट्यात राहावे लागे. शारदा सदनात अशा मुलींना केस राखण्याची, खेळण्याची, हसण्याची आणि शिकण्याची मोकळीक मिळाली. हिंदू मुलींना आपले आचार पाळता यावेत अशी स्वयंपाकाची व राहणीची व्यवस्था तेथे होती.

वाद मात्र टळला नाही. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन पालकांना व सल्लागारांना होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने यावर कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने संबंध सोडला आणि पंचवीसच्या आसपास मुली पालकांनी काढून नेल्या.

या वादाकडे चरित्राच्या अभ्यासकाने शांतपणे पाहिले पाहिजे. विश्वासाने मुली सोपवणाऱ्या पालकांची भीती निराधार होती, असे म्हणता येणार नाही. आधाराची गरज असलेले मन आधार देणाऱ्याच्या श्रद्धेकडे सहज ओढले जाते, हे मान्य करावे लागते. दुसऱ्या बाजूने, रमाबाईंनी आपली श्रद्धा दाराआड लपवावी अशी अपेक्षा रास्त होती काय, आणि स्वतःचा निर्णय घेण्याचा अधिकार त्या मुलींना होता की नव्हता, हेही प्रश्न उरतात. शोकग्रस्त माणसाला आधार देताना त्याचे स्वातंत्र्य कसे जपावे, हा या प्रसंगातील खरा प्रश्न होय. तो केवळ एका धर्मापुरता किंवा एका शतकापुरता नाही.

४.२.५ केडगाव : दुष्काळातून उभे राहिलेले घर

रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. संस्थेला शेतीचे उत्पन्न मिळावे हा मूळ हेतू होता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळाच्या बातम्यांनी रमाबाईंच्या मनात वीस-बावीस वर्षांपूर्वीची आपली स्थिती जागी झाली. निराधार मुलींना फसवून नेणारे लोक दुष्काळी छावण्यांभोवती वावरतात, हेही त्यांना ठाऊक होते. त्या स्वतः त्या प्रदेशात गेल्या आणि शेकडो मुली व विधवा स्त्रिया त्यांनी पुणे जिल्ह्यात आणल्या. तेव्हा पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे नव्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले आणि केडगावच्या माळावर तात्पुरता निवारा उभारावा लागला. मुक्ती सदनाचा आरंभ असा झाला. प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या गैरसोयींविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले, ही गोष्टही या काळातीलच होय.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि संस्थेतील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. येणाऱ्या मुली अत्यंत कृश आणि आजारी असत. त्यांतील कित्येक उपचार करूनही वाचल्या नाहीत. वाचलेल्यांपैकी अनेकींनी आईवडिलांना डोळ्यांदेखत मरताना पाहिले होते. अशा मुलींचे सांत्वन केवळ शब्दांनी होणे शक्य नव्हते.

केडगावच्या रचनेतून रमाबाईंच्या सांत्वनाची पद्धत दिसते. तिची चार अंगे सांगता येतील.

पहिले अंग सोबतीचे. आधी आलेल्या आणि सावरलेल्या मुलींकडे नव्याने आलेल्यांची काळजी सोपवली जाई. दुःख भोगलेल्या व्यक्तीनेच दुःखिताचा हात धरावा, हे सूत्र त्यामागे होते.

दुसरे अंग श्रमाचे. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा आणि छापखाना हे उद्योग तेथे चालत. दुष्काळात आपल्या कुटुंबाला एकही हस्तव्यवसाय येत नव्हता, ही आठवण रमाबाई विसरल्या नव्हत्या. हाताला काम मिळाल्याने उपजीविका साधे आणि शोकात बुडालेल्या मनाला दिवसाचा क्रमही मिळे.

तिसरे अंग साक्षरतेचे. वाचता येणारी स्त्री पत्र लिहू शकते, हिशेब पाहू शकते आणि फसवणूक ओळखू शकते. दृष्टिहीन मुलींसाठी स्वतंत्र सोय होती आणि ब्रेल लिपीचे शिक्षण देण्यात मनोरमाबाईंनी पुढाकार घेतला.

चौथे अंग कोणालाही न नाकारण्याचे. कृपा सदन हा विभाग समाजाने कलंकित मानलेल्या स्त्रियांसाठी होता. फुलहॅम येथे पाहिलेल्या सेवागृहाची छाया त्यात दिसते. वृद्ध, अपंग आणि आजारी स्त्रियांनाही केडगावात जागा होती.

१८९८ नंतर संस्था उघडपणे ख्रिस्ती स्वरूपाची झाली. परंतु कोणत्याही एका चर्च-पंथाच्या शिस्तीत रमाबाई पूर्णपणे सामावल्या नाहीत. राहणीही त्यांनी बदलली नाही. पांढरे लुगडे आणि शाकाहार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

४.२.६ भाषांतर आणि अखेरचा आगमनकाळ

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांना कळत नाहीत, असे त्यांचे मत होते. ज्यांना संस्कृतच्या पांडित्याने नावलौकिक मिळाला, त्याच विदुषीने अल्पशिक्षित स्त्रियांसाठी सोपी मराठी निवडली. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मजकुराची छपाई मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच करीत. आगमनकाळात परंपरेने वाचला जाणारा यशया संदेष्ट्याचा ग्रंथही या भाषांतरात होता. निर्वासित होऊन खचलेल्या लोकांना धीर देण्याचा आदेश त्या ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या आरंभी येतो. दुष्काळाने निर्वासित केलेल्या मुलींच्या हातून अशा मजकुराचे खिळे जुळवले जात होते, हे या भाषांतराचे वेगळेपण होय.

मनोरमाबाई आता आईचा उजवा हात झाल्या होत्या. शारदा सदनाची जबाबदारी त्यांनी सांभाळली आणि गुलबर्गा येथील शाळेच्या उभारणीत भाग घेतला. संस्थेचा पुढील भार त्यांच्याकडे जाईल, असेच सर्वांना वाटत होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर एकुलती एक कन्याही गेली. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती आणि प्रकृती खालावली होती.

त्या वर्षीचा आगमनकाळ २७ नोव्हेंबरला सुरू झाला. मुलीच्या मृत्यूनंतरचा आईचा हा पहिला नाताळ होता आणि तोच अखेरचा ठरला. शेकडो शोकाकुल मुलींना ज्या घराने सावरले, त्याच घरात आता घराची आई शोक करीत होती. तिच्याभोवती त्या मुली होत्या. काम थांबले नव्हते. भाषांतर पुरे करण्याचा ध्यास अखेरच्या दिवसांपर्यंत टिकून होता. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाहण्यास त्या उरल्या नव्हत्या. सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आईच्या तिरडीला खांदेकरी मिळाले नव्हते. मुलीला निरोप देण्यास केडगावचे सारे घर लोटले.

४.२.७ समालोचन

रमाबाईंच्या चरित्रात शोक आणि कार्य एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. प्रत्येक वियोगानंतर त्यांच्या जीवनाला नवे वळण मिळालेले दिसते. मात्र दुःखामुळे माणूस आपोआप थोर होतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याच दुष्काळाने असंख्य माणसे मोडून पडली. रमाबाईंना विद्या होती, देशोदेशींचे साहाय्य होते आणि श्रद्धेचा आधार होता. या सर्वांचा उपयोग त्यांनी दुसऱ्यांसाठी केला, यात त्यांचे मोठेपण आहे.

आगमनकाळाच्या दृष्टीने पाहता त्यांच्या कार्यातून सांत्वनाविषयी एक स्पष्ट विचार हाती येतो. शोकाकुलाला लवकर हसते करण्याची घाई करू नये. त्याच्याजवळ राहावे, त्याच्या पोटापाण्याची सोय पाहावी, त्याच्या हाताला काम द्यावे आणि त्याचे निर्णय त्याला घेऊ द्यावेत. हा विचार ख्रिस्ती श्रद्धेतून उगवला असला, तरी पहिल्या सणाला दुखवट्याच्या घरी जाऊन बसणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला तो परका वाटणार नाही.

४.३ सारांश

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी दुष्काळात जन्मकुटुंब गमावले. तारुण्यात वैधव्य आणि अखेरीस कन्यावियोग त्यांच्या वाट्याला आला. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु वैचारिक स्वातंत्र्य सोडले नाही. शारदा सदन (१८८९) आणि केडगावचे मुक्ती सदन या संस्थांतून त्यांनी विधवा, दुष्काळग्रस्त, दृष्टिहीन आणि बहिष्कृत स्त्रियांना आश्रय, शिक्षण व उद्योग दिला. १८९३ च्या वादातून साहाय्य आणि स्वातंत्र्य यांच्या संबंधाचा प्रश्न पुढे आला. आगमनकाळातील प्रतीक्षा, सोबत आणि आशा या कल्पनांच्या आधारे त्यांचे चरित्र अधिक सखोलपणे समजून घेता येते.

४.४ शब्दार्थ

आगमनकाळ – नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा प्रतीक्षेचा काळ.
शुभवर्तमान – येशूचे जीवन व शिकवण सांगणारा बायबलमधील ग्रंथ.
व्युत्पन्न – शास्त्रांत पारंगत.
केशवपन – विधवेचे केस काढण्याची रूढी.
एकभुक्त – दिवसातून एकदाच जेवणारा.
खिळे जुळवणे – छपाईसाठी धातूची अक्षरे ओळीने मांडणे.

४.५ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. आर्य महिला समाजाची स्थापना केव्हा झाली?
२. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी कोण?
३. रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची प्रत कोठे सापडली?

उत्तरे : १. १ जून १८८२ रोजी. २. गोदूबाई, म्हणजेच पुढील आनंदीबाई कर्वे. ३. सिल्चर येथे, पतीच्या ग्रंथसंग्रहात.

आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. केडगाव येथील सांत्वनाच्या पद्धतीची चार अंगे स्पष्ट करा.
२. बायबलच्या भाषांतरासाठी रमाबाईंनी सोप्या मराठीचा आग्रह का धरला?

इ) सविस्तर उत्तर लिहा.
१. शारदा सदनाविषयीच्या १८९३ च्या वादाची दोन्ही बाजूंनी चर्चा करून आपले मत मांडा.

४.६ उपक्रम

आपल्या वस्तीत किंवा कामाच्या ठिकाणी सणाच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीला भेटा. तिची संमती असल्यास तिच्या आठवणी ऐका आणि नाव न देता त्यांवर सुमारे ३०० शब्दांचे चरित्रात्मक टिपण तयार करा. टिपण लिहिण्याइतकेच तिच्याशी निवांत बोलत बसणे हा या उपक्रमाचा भाग आहे, हे लक्षात ठेवा.